ब्रँडी, भरवसा आणि घोडा : खानदेशी सैनिकाची दोनशे वर्षं



या मालिकेत आपण नेहमी किल्ले, सनदा, लढाया यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय ऐकून काही जणांनी आम्हाला आधीच विचारलं की, माजी सैनिकांची व्यसनमुक्ती आणि त्यात घोड्यांची मदत, हा विषय डॉक्टरांचा आहे, इतिहासवाल्यांचं इथं काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायलाच आजचं व्याख्यान आहे.

सुरुवात एका माणसापासून करू. धुळे तालुक्यातले एक निवृत्त जवान आहेत. नाव सांगत नाही, त्यांनीच तसं बजावलंय. सतरा वर्षं लष्करात होते, त्यातली बरीचशी खेचरांच्या तुकडीत. डोंगरात जिथं गाडी जात नाही तिथं दारूगोळा, रॉकेल, पीठ खेचरांच्या पाठीवरून जातं. आम्ही खरं तर जुन्या लष्करी शब्दांची माहिती घ्यायला गेलो होतो. बोलता बोलता ते म्हणाले, "गुरुजी, पहाटे उठलं की आधी खेचराला पाणी, मग दाणा, मग खरारा, मग चारी खूर उचलून बघायचे. त्यानंतर आपला चहा. सतरा वर्षं माझ्या भरवशावर एक जनावर होतं. घरी आलो तर माझ्या भरवशावर काहीच नव्हतं. शेती, पोरं, सगळं बायकोनं चालवलेलं होतं, आणि चांगलं चालवलेलं होतं. मी नुसता बसून."

त्या 'नुसता बसून' मध्ये पुढची आठ वर्षं बाटली आली. ती गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे, कारण जळगाव-धुळ्याच्या बऱ्याच गावांत असं एखादं घर असतं.

त्यांचं ते वाक्य ऐकल्यावर आम्ही परत आमच्या कागदपत्रांकडे गेलो, तेव्हा एक गोष्ट दिसली. खानदेशात सैनिक, घोडा आणि दारू या तिघांचा इतिहास एकमेकांना लागून चाललेला आहे. आपण तो तीन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, एवढंच. आज ते कप्पे एकत्र उघडून बघू.

१८१८ : घोडा गेलेला माणूस

आधी १८१८ साल. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ला मंदसोरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला, म्हणजे आपला खानदेशही. कागदावर ते सोपं होतं. प्रत्यक्षात २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज तापीकाठच्या थाळनेरला आली, तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामांच्या शिबंदीनं दरवाजावर झुंज दिली. किल्ला पडला, शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. मे-जूनमध्ये मालेगावच्या गढीत अरबांनी वेढा झुंजवला. मालेगाव तेव्हा खानदेशात मोडायचं. मग तोही संपला.

पाठ्यपुस्तक इथं थांबतं. आम्हाला मात्र पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : त्या फौजेतल्या माणसांचं पुढं काय झालं?

मराठा घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत, हे आपण या मालिकेत पूर्वी पाहिलंय. ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारचं तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. शिलेदाराच्या दृष्टीनं घोडा म्हणजे भांडवल, पगार आणि अब्रू, तिन्ही एकाच खुंट्याला बांधलेलं. घोडा मेला तर शिलेदाराचा दर्जाच जायचा. लढाईत घोड्याला जपणं हे म्हणून भूतदयेपेक्षा पोटाचं काम होतं. आणि घोड्याभोवती एक सबंध जग होतं : पागा, मोतद्दार, नालबंद, खोगीर शिवणारा, चंदी पुरवणारा. आपल्या भाषेत अजून ते जग शिल्लक आहे. 'खोगीरभरती' म्हणतो, 'घोडामैदान जवळच आहे' म्हणतो. फक्त खोगिरात काय भरतात हे आता कोणाला सांगता येत नाही.

१८१८ नंतर हे सगळं जग एका हंगामात बेकार झालं. काही स्वार इंग्रजांच्या नव्या रिसाल्यांत गेले. १८१७च्या पुणे तहातून उभी राहिलेली 'पूना हॉर्स' ही त्यातली प्रसिद्ध. अरबांना मुलखाबाहेर पाठवलं गेलं. उरलेले गावी परतले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्याला बसून कारभाराची घडी बसवत होता, आणि त्याच्यासमोर उजाड गावं, बंद पडलेले घाट आणि काम नसलेले हत्यारबंद लोक होते. आजच्या शब्दांत सांगायचं तर खानदेशातला 'माजी सैनिकांचा प्रश्न' तिथं सुरू झाला. फक्त तेव्हा त्याला त्या नावानं कोणी ओळखलं नाही, 'बंदोबस्ताचा प्रश्न' म्हटलं गेलं.

१८२५, धरणगाव : ब्रँडी आणि भरवसा

आता आपण मुख्य प्रसंगाकडे येतोय.

सातपुडा आणि सातमाळ्याचे घाट राखण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या भिल्ल नाईकांकडे होतं. त्याबद्दल त्यांचे हक्क ठरलेले होते. धामधुमीत ते हक्क बुडाले, तशी राखणारी माणसंच वाट अडवू लागली. इंग्रजांनी सात वर्षं त्यांच्या मागे पलटणी धाडल्या. रोगराईनं शिपाई मेले, डोंगर काही हाती आला नाही. तेव्हा १८२५ साली मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं धोरण बदललं : भिल्लांना पकडण्याऐवजी त्यांचीच पलटण उभी करा. हे काम दिलं लेफ्टनंट जेम्स औट्रमकडे. वय बावीस. ठिकाण आपलं धरणगाव.

औट्रमनं हे कसं जमवलं ते त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. सार असं : तो नाईकांबरोबर रानात गेला, भरपूर ब्रँडी पाजून त्यांची मनं जिंकली, आणि त्यांच्यामध्ये पहाऱ्याशिवाय राहून त्यांचा विश्वास मिळवला. त्यातून पाच धाडसी नाईक त्याच्याबरोबर यायला तयार झाले. ही 'खानदेश भिल्ल कोअर'ची सुरुवात. पाचांवरून ती काही वर्षांत शेकड्यांत गेली. १८३५ मध्ये औट्रम इथून गेला तेव्हा ज्यांच्या डोक्यावर बक्षिसं होती त्यांचे भाऊबंद गणवेशात सरकारी खजिन्यावर पहारा देत होते.

मंडळी, एका वाक्यात दोन गोष्टी आहेत. ब्रँडी आणि भरवसा. औट्रमच्या चरित्रकारांना त्यातली ब्रँडी गमतीची वाटते. आम्हाला तशी वाटत नाही. सैनिक आणि दारू यांचं नातं सैनिकाच्या स्वभावातून आलं असं आपण सहज बोलून जातो. इथं तर भरतीच्या पहिल्या दिवशी वरचा अधिकारीच पेला पुढे करतोय. मोहाची दारू डोंगरात होतीच. सण, लग्न, मरण, देवाचं काम, सगळ्यात होती, पण ती गावाच्या रिवाजात बांधलेली होती. साहेबाची ब्रँडी त्या रिवाजाबाहेरची. ती नोकरीबरोबर आली.

आणि दुसरी गोष्ट, भरवसा. ज्या माणसांना सात वर्षं जनावरासारखं हाकललं, त्यांच्यामध्ये हा पोरगा पहाऱ्याशिवाय राहिला. पुढं त्यांच्याच हातात बंदूक आणि खजिना दिला. ब्रँडी एका रात्रीची असते, पलटण दशकानुदशकं टिकली. टिकवलं कशानं, याचा विचार केला तर उत्तर भरवशाकडेच जातं.

अर्थात औट्रमला संत करायचं कारण नाही. हे सगळं राज्य पक्कं करण्यासाठी होतं. आणि तो भरवसा एकतर्फी होता. सेंधव्याच्या घाटाचा पहारा सांभाळणारा खाज्या नाईक सरकारी चाकरीतलाच, पुढं चाकरीतून काढलेला. १८५७-५८ला तोच सातपुड्यातल्या उठावाचा पुढारी झाला. ११ एप्रिल १८५८ची आंबापाणीची लढाई त्याच रागातून झाली. काम काढून घेतलेला माणूस एक तर पेटतो, नाहीतर विझतो. पेटलेल्यांचा इतिहास लिहिला जातो. विझलेल्यांचा लिहिला जात नाही. आज आपण त्यांच्याबद्दलच बोलतोय.

दारूचा हिशेब

दारूच्या बाजूनं आता थोडं भरभर जाऊ. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर दारू गाळणं-विकणं सरकारच्या मुठीत गेलं. गावात गाळायची ती गुन्हा, आणि ठेकेदाराच्या दुकानातली कायदेशीर. पूर्वी जी भांड्यावर मिळायची ती रोखीवर आणि मग उधारीवर मिळू लागली. उधारी आली तशी जमीन गेली.

याला उत्तर बाहेरून आलं नाही, डोंगरातूनच आलं. १९३०च्या दशकाच्या शेवटी पश्चिम खानदेशात, तळोदा भागातल्या मोरवडच्या संत गुलाम महाराजांनी हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. १९३८ मध्ये त्यांचं निधन झालं. मग त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी ते काम पुढं नेलं. त्यांच्या पद्धतीत औषध नव्हतं. दोन गोष्टी होत्या. एक, आरतीला सगळ्यांनी एकत्र जमायचं. दुसरी, एकमेकांना 'आप' म्हणायचं. ज्या माणसाला सावकार, ठेकेदार, शिपाई, सगळे 'ए' म्हणून हाक मारत होते, त्याला त्याचा शेजारी 'आप' म्हणू लागला. ज्याला आप म्हणतात त्याला गटारात पडून कसं चालेल? हा साधा हिशेब होता. गंमत बघा, याच दशकात, १९३५ साली, अमेरिकेत 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' सुरू झालं. तिथंही पाया तोच : ठरलेल्या वेळी जमायचं आणि एकमेकांना माणूस समजायचं. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

पुढं स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. सगळ्या इलाख्यात बंदी, पण लष्करी मेस आणि कॅन्टीनना सूट. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही सूट वैध ठरवली. लष्कराची गरज वेगळी, असा त्यामागचा विचार. थंडीत, उंचावर, मरणाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला रमचा पेग, यावर आम्ही इथं बसून टीका करणार नाही. पण परिणाम लक्षात घ्या. ब्रँडी देऊन उभी केलेली पलटण आणि कॅन्टीनचं कार्ड घेऊन घरी आलेला जवान, यांच्यामध्ये सव्वाशे वर्षं गेली आणि पेला काही हातातून सुटला नाही. भरवसा मात्र निवृत्तीच्या दिवशी रायफलीबरोबर जमा करून घेतला जातो.

आणि निवृत्ती कधी? बहुतेक जवान पस्तीस-चाळीशीतच घरी येतात. पेन्शन मिळते, इलाजाची सोय मिळते. १ एप्रिल २००३पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं धुळ्यातही आहेत, जळगावातही आहेत. कागदावरच्या गोष्टी बऱ्याच आहेत. पण पहाटे चारला जाग येते आणि उठून करायचं काही नसतं, त्यावर योजना नाही.

घोडा गेला कुठं?

आता तिसरा धागा. शिलेदारी पद्धत इंग्रजांनी आपल्या रिसाल्यांतही चालवली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१च्या सुमारास घोडदळाची फेररचना झाली, ३९ रिसाल्यांचे २१ झाले आणि शिलेदारी संपली. १९३८पासून घोडे काढून चिलखती गाड्या द्यायला सुरुवात झाली. स्वतंत्र भारतात १९५३ साली उरलेसुरले घोडेस्वार एकत्र करून जी रेजिमेंट उभी केली तीच पुढं जयपूरची '६१ कॅव्हलरी' झाली. डोंगरातल्या खेचरांच्या तुकड्या तेवढ्या काम करत राहिल्या.

गावाकडेही तेच. टांगे गेले, टपालाचा घोडा गेला. २०१९च्या पशुगणनेत सबंध देशात घोडे आणि तट्टू मिळून साधारण ३ लाख ४० हजार भरले. २०१२च्या मानानं ही घट ४५ टक्क्यांहून जास्त आहे. सात वर्षांत जवळजवळ निम्मे.

पण खानदेशात एक जागा अशी आहे जिथं घोडा अजून राजासारखा येतो. सारंगखेडा. तापीच्या काठी, शहादा तालुक्यात, एकमुखी दत्ताची यात्रा. आज तो नंदुरबार जिल्हा, पण १ जुलै १९९८पर्यंत धुळेच होता, तेव्हा आम्ही त्याला आपल्यातच धरतो. दत्तजयंतीला यात्रा भरते आणि मारवाडी, काठियावाडी, पांढरे शुभ्र नुकरे, असे लांबलांबचे घोडे बाजारात उतरतात. अलीकडे त्याला 'चेतक फेस्टिव्हल' असं नाव मिळालंय. तंबू आले, नाचणाऱ्या घोड्यांचे व्हिडिओ आले.

आम्ही जातो तेव्हा मात्र आमचं लक्ष सौद्यांकडे किंवा नाचाकडे नसतं. पहाटे जावं. धुकं असतं, थंडी असते. घोड्यांच्या अगाडी-पिछाडी बांधलेल्या असतात आणि प्रत्येक घोड्याजवळ एक माणूस खरारा करत असतो. कोणी बोलत नाही. तोंडात शिवी नाही, हातात घाई नाही. जो माणूस रात्री तंबूत वचावचा भांडत होता, तोच सकाळी घोड्याच्या मानेवर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी पुटपुटतोय. घोड्याजवळ आवाज चढवून चालत नाही, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

घोडा काय करतो?

हेच ज्ञान जगात इतरत्र उपचार म्हणून उभं राहिलं. थोडक्यात सांगतो.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्याखाली पायांत जोर नाही. घोड्यावर चढायला माणूस लागायचा. त्यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर युरोप-अमेरिकेत अपंगांसाठी घोडेस्वारीची केंद्रं निघाली. १९६९ला अमेरिकेत त्यांची संघटना झाली. सैनिकांच्या बाबतीत महत्त्वाचं वर्ष २००६. लष्करी अंत्ययात्रेची गाडी ओढणाऱ्या फोर्ट मायरच्या घोड्यांची पागा इराक-अफगाणिस्तानातून जखमी होऊन आलेल्या जवानांसाठी उघडली गेली. ज्या घोड्यांनी त्यांच्या साथीदारांची शवपेटी ओढली होती, त्यांच्याच पाठीवर हे जवान तोल सांभाळायला शिकले.

पुढं लक्षात आलं की बसायची गरजच नाही. मनाच्या दुखण्यासाठी, व्यसनासाठी, काम बहुतेक जमिनीवरूनच चालतं. घोड्याजवळ जाणं, खरारा, खूर उचलणं, दोरी धरून त्याला बरोबर चालवणं. सोबत मानसोपचाराचा माणूस असतो आणि घोड्याचा जाणकार असतो. बास.

यात काय घडतं? घोडा हे शिकार होणारं जनावर आहे. जगण्यासाठी त्याला समोरच्याचा ताण ओळखावाच लागतो. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त अगदी नाकासमोरचं आणि अगदी पाठीमागचं दिसत नाही. आपली म्हण आहे ना, घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये. म्हणीत विनोद आहे, पण निम्मा भाग शास्त्र आहे. तर तुम्ही दात आवळून, खांदे ताठ करून, वर हसरा चेहरा ठेवून गेलात, तर घोडा हसण्यावर विश्वास ठेवत नाही, खांद्यांवर ठेवतो. तो बाजूला सरकतो. व्यसनी माणसानं घरच्यांना, डॉक्टरला, स्वतःलाही फसवायची सवय केलेली असते. "आज नाही घेतली" हे वाक्य त्याला पाठ असतं. घोड्याला वाक्य कळतच नाही. त्याला खरंच शांत व्हावं लागतं. आणि तो शांत झाला की घोडा मान खाली घालून जवळ येतो. त्यात शाबासकी नाही, उपदेश नाही, कीव नाही. 'हा माणूस आता ठीक आहे' एवढंच.

पण आम्ही इतिहासवाले आहोत, पुरावा विचारल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठानं युद्धाच्या आघातानं त्रस्त ६३ माजी सैनिकांवर अशी आठ सत्रं करून पाहिली. २०२१ला निष्कर्ष आले, बऱ्याच जणांचा त्रास लक्षणीय कमी झाला. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नॉर्वेत ऑस्लोच्या रुग्णालयात व्यसनी तरुणांवर अभ्यास झाला. घोड्यांच्या तबेल्यात जाणारे रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडून कमी पळाले. व्यसनमुक्तीत पळून न जाणं ही निम्मी लढाई असते, म्हणून लोक खूश झाले. मग त्याच मंडळींनी सोडतीनं गट पाडून लहानशी चाचणी केली, तेव्हा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे ज्यांना घोड्याची ओढ होती तेच आधीच्या वेळी तबेल्यात गेले असतील, असंही असू शकतं. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. घोडा ही जादू नाही. आणि दारू एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, माणूस दगावू शकतो. ते काम डॉक्टरांचंच. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. आधी शरीरातलं विष उतरवायचं, मग मनाशी बोलायचं, मग घरच्यांना बरोबर घ्यायचं, हा क्रम अशा केंद्रांनी महाराष्ट्राला शिकवला. घोडा आला तर या क्रमात नंतर येईल, त्याच्या जागी नाही.

मग इतिहासाचं काय काम?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत जाऊ. ही उपचारपद्धती खानदेशात रुजलेली आहे असा आमचा दावा नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे. ज्या गोष्टींमुळे ती चालते, त्या इथं परक्या नाहीत. आपण त्या दोनशे वर्षांत तीनदा पाहिल्या. शिलेदाराचा घोडा, तो असेपर्यंत माणूस सावध आणि जपून. औट्रमचं पहाऱ्याशिवाय राहणं. गुलाम महाराजांचं 'आप'. तिन्ही ठिकाणी माणसाला कोणीतरी सांगितलं की, हे तुझ्या भरवशावर आहे. आणि जिथं ते काढून घेतलं गेलं, तिथं पोकळी झाली. त्या पोकळीत काय शिरतं ते आपण रोज पाहतो.

परदेशातून एखादी पद्धत आणायची झाली तर आधी बाहेरचा प्रशिक्षक, बाहेरचा घोडा, बाहेरची पाटी, असा विचार होतो. आम्हाला वाटतं, सारंगखेड्याला येणारे खरारा करणारे हात, लग्नाच्या वरातीसाठी घोडी पाळणारी कुटुंबं, खेचरांच्या तुकडीतून निवृत्त झालेले जवान, हे तिन्ही आपल्याकडे आहेत. वरातीची घोडी वर्षातले कितीतरी महिने खुंट्याला उभी असते आणि तिच्या चंदीचा खर्च मालकाच्या डोक्यावर असतो. सैनिक कल्याण कार्यालय, व्यसनमुक्ती केंद्र आणि पशुवैद्यक यांनी एकत्र बसून बोलावं, एवढी ही लहान गोष्ट आहे.

मात्र दोन अटी. एक, घोड्याचं आरोग्य. ग्लँडर्ससारखा रोग घोड्याकडून माणसाला होतो, तेव्हा तपासणी हवीच. दुसरी जास्त महत्त्वाची : घोड्याला औषधाची गोळी समजायचं नाही. दिवसभर वरातीत बँडच्या दणक्यात उभी राहून थकलेली घोडी संध्याकाळी माणसांची दुःखं ऐकायला बांधायची, हे चालणार नाही. भरवसा दोन्ही बाजूंनी असतो. औट्रमच्या गोष्टीत आपण तेच शिकलो, की एकतर्फी भरवसा शेवटी आंबापाणीला जातो.

शेवटी आमच्या त्या खेचरवाल्या जवानांबद्दल. ते दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. पहिल्यांदा बाहेर आल्यावर महिन्याभरात परत सुरू झाली. दुसऱ्यांदा आल्यावर त्यांच्या गल्लीतल्या एका वरातवाल्याचा माणूस काम सोडून गेला होता. घोडीला दाणा घालायला कोणी नव्हतं, म्हणून हे गेले. संध्याकाळी सहा ते आठ. त्यांची बसायची वेळ तीच होती. गेल्या भेटीत आम्ही विचारलं, "सुटली का मग?" ते हसले. म्हणाले, "सुटली म्हणायचं नसतं गुरुजी, केंद्रात शिकवलंय. आजची नाही घेतली, एवढंच म्हणायचं. आणि ती वाट बघते ना, दाणा उशिरा गेला तर पाय आपटते."

एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही मघाशीच कबूल केलंय. पण आपल्या गावात असा कोणी असेल, दादा असेल, काका असेल, भाऊ असेल, तर त्याला दारूबद्दल बोलण्याआधी एकदा विचारून बघा की पलटणीत त्याच्या भरवशावर काय काय होतं. तो बराच वेळ बोलेल. कदाचित घरी आल्यापासून त्याला हे कोणी विचारलेलंच नसेल.

पुढच्या वेळी आपण खानदेशातल्या नालबंदांच्या आणि खोगीर करणाऱ्या कारागिरांच्या वस्त्यांकडे वळू. कोणाच्या घरी जुनं खोगीर, रिकीब, पागेचे मोडीतले हिशेबाचे कागद असतील तर टाकून देऊ नका. आम्हाला दाखवा.